विजूताईचा पहिला नंबर

आमच्या लालबागला थंडी येते ती कुणाला हुडहुडी भरवायला येत नाही. भाऊबीज उलटली की एखाद्या पहाटे पंखा पाचावरून दोनावर आणावासा वाटतो, पायाशी चादर शोधावी लागते, बस, एवढीच. पण मार्केटात वालाच्या शेंगा येतात, लालभडक गाजरं येतात, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या येतात आणि सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. वर्षातले हेच दोन महिने मुंबईत माणसाला घाम न गाळता चालता येतं. म्हणून सगळी मुंबई या दोन महिन्यांत चालायला निघते.

यंदाही थंडी आली. परवा लिफ्टमध्ये नवा कागद लागलेला दिसला. विंटर फिटनेस चॅलेंज, महिला विभाग, नावं देण्याचं आवाहन, आणि खाली कंबरेवर हात ठेवून हसणाऱ्या कुणा सडपातळ बाईचं चित्र. मी चौदाव्या मजल्यापर्यंत त्या कागदाकडे पाठ करून उभी राहिले. लिफ्टमधल्या शेजारणीने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, जरा पित्त झालंय.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी मोठी जाऊ, विजूताई, अकरा किलो उतरली आणि या चॅलेंजमध्ये पहिली आली. त्यानंतरच्या चैत्रात ती गेली. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं बरंच आहे, आणि हसताना तुम्हाला हे माहीत असलेलं बरं. आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही दोघी जावा एकाच चाळीत नांदलो. दोन खोल्या, मधे एक भिंत. सासरे गिरणीत, गाव मालवणकडचं. नळ तळमजल्यावर आणि आम्ही तिसऱ्यावर. रोज पहाटे कंबरेवर कळशी आणि हातात बादली घेऊन सहा-सात खेपा व्हायच्या. त्याला कुणी व्यायाम म्हटलं असतं तर सासूबाईंनी त्याच्याच डोक्यावर कळशी ठेवली असती. मग चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, आम्हाला एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट मिळाले. पाणी थेट ओट्यावर आलं, लिफ्ट आली, आणि पाच-सहा वर्षांत आम्ही सगळ्या बायका अंगाने सुटलो. तेव्हा कुठे आम्हाला आठवलं की पोडियमवर बिल्डरने एक जिम दिलेली आहे आणि तिथल्या सायकलींवर सगळ्यांनी गोधड्या वाळत घातल्या आहेत.

विजूताई म्हणजे ठेंगणी, गोरी, ऐसपैस बाई. पाटावर बसली की पाट दिसायचा नाही. हसायला लागली की आधी तिचं पोट हसायचं, मग ती. ब्लाउज शिवायची. अख्ख्या बिल्डिंगच्या बायकांची मापं तिच्याकडे, त्यामुळे कोण किती सुटलंय हे तिला नवऱ्यांच्याही आधी कळायचं, पण तोंडातून कधी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांच्या ब्लाउजला आतून भरपूर माया सोडायची. म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड ठेवायचं, पुढे घट्ट झाला तर उसवून सैल करता येतो. 'बायकांचं अंग आहे, कमीजास्त व्हायचंच,' म्हणायची.

त्या वर्षी काय काय नव्हतं, विचारू नका. सकाळी कोमट पाण्यात लिंबू. मग रात्री भिजवलेल्या कसल्याकसल्या बिया. मग कुणीतरी कॉफीत तूप घालून प्यायला लागली आणि तिची त्वचा उजळली म्हणून बाकीच्यांनीही प्यायला सुरुवात केली. तिसरीने एका रीलमध्ये पाहिलं की सोळा तास पोट रिकामं ठेवलं की शरीर आपोआप आतून स्वच्छ होतं. नाचणीच्या ज्या भाकरीला आम्ही सुना सासूबाईंच्या मागे नाकं मुरडायचो, तीच नाचणी चकचकीत पाकिटातून मिलेट होऊन घरात आली आणि आम्ही तिचे फोटो काढले. प्रत्येकीच्या मनगटावर घड्याळ, आणि ते घड्याळ तासातासाला थरथरून सांगणार, उठा, चाला. आमच्या आयांना कुणी असं थरथरून सांगितलं असतं तर त्यांनी ते घड्याळ पाण्याच्या पिंपात टाकलं असतं.

चॅलेंजची वही माझ्याकडे. मीच पुढाकार घेतला होता, खोटं कशाला बोलू. दर रविवारी सकाळी सगळ्यांनी आमच्या हॉलमध्ये जमायचं आणि काचेच्या वजनकाट्यावर उभं राहायचं. पहिल्याच रविवारी भांडण झालं ते बांगड्यांवरून. वजन घेताना बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवायला एकही बाई तयार होईना. दागिन्यांचं वजन आमच्या माथी का, हाही मुद्दा बरोबर. शेवटी बराच खल होऊन ठरलं की प्रत्येकीच्या वजनातून सौभाग्याचे म्हणून दीडशे ग्रॅम वजा करायचे. मग लक्षात आलं, चौथ्या मजल्यावरच्या सावंतकाकूंना नवरा नाही. सावंतकाकूच म्हणाल्या, माझेही करा, मी घड्याळ घालते. विजूताई इतकी हसली की काट्यावरचा आकडा स्थिर होईना. अठ्ठ्याहत्तर किलो, वजा दीडशे ग्रॅम. तेच मी तिच्या नावापुढे लिहिलं. माझं एकाहत्तर.

ताईला या सगळ्याची हौस नव्हती. मी मागे लागले म्हणून नाव दिलं. गुडघे दुखतात म्हणतेस ना, मग हे वजन उतरव, असं मी तिला चारचौघींत बोलले होते. त्यावर तिने तोंड जरा पाडलं आणि रविवारी पहिली येऊन बसली.

सकाळी सहाला आम्ही दोघी निघायचो. आमच्या फाटकातून परळकडे, हिंदमातापर्यंत आणि परत. वाटेत ते मोठं हॉस्पिटल लागतं, ज्याचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, नुसतं 'तिथे' म्हणतात. तिथल्या फुटपाथवर बिहारहून, बंगालहून, विदर्भातून आलेली माणसं झोपलेली असायची. उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत फायली, तोंडाला मास्क, डोक्यावर केस नाहीत. लहानपणापासून बघतो आम्ही ती माणसं, त्यामुळे बघत नाही. आम्ही त्यांना वळसा घालायचो आणि घड्याळात पावलं बघायचो. हजार मैलांवरून माणसं त्या दारात येऊन पडत होती, आणि आम्ही दोघी त्या दारावरून रोज दोनदा गेलो. एकदाही थांबलो नाही. थांबायचं काय कारण होतं?

तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून ताईचा आकडा धडाधड उतरायला लागला. आम्ही बाकीच्या पाव किलो, अर्धा किलो करत होतो, कुणी पुन्हा चढत होती. ताई दर रविवारी किलो, दीड किलो. सगळ्या टाळ्या वाजवायच्या. काय करतेस सांग की, लपवू नकोस! ती म्हणायची, काही नाही गं, तुम्ही करता तेच. कुणाचा विश्वास बसायचा नाही. बायका माझ्याकडे येऊन हळूच विचारायच्या, काही पावडर-बिवडर घेते का? मीही एकदा तिच्या स्वयंपाकघरात कपाट उघडून बघितलं. पावडर नव्हती. डिंकाच्या लाडवांचा डबा होता, भरलेला. दरवर्षी तो आठ दिवसांत संपायचा. तो भरलेला डबा बघून मला तिच्या निग्रहाचा हेवा वाटला.

हेवाच. दुसरा शब्द शोधून उपयोग नाही. पंचवीस वर्षं त्या घरात बारीक मी होते. लग्नात, पूजेला, फोटोत, सगळीकडे ताई जाडी आणि मी बारीक. तिच्याकडे सुगरणपणा, शिवण, सासूबाईंची माया, सगळं होतं. माझ्याकडे एक कंबर होती. आता ताई माझ्याच वहीत माझ्याच हाताने लिहिलेल्या आकड्यांनी माझ्या पुढे चालली होती. मी रविवारी रात्रीचं जेवण सोडलं, सोमवारी चिडून दोन वडापाव खाल्ले.

मार्गशीर्षातले गुरुवार आले. घरोघरी घट बसले. ताई वर्षानुवर्षं हा उपास करते, करायची. पण तिचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, आणि संध्याकाळी नैवेद्याला पुरणपोळी. त्या वर्षी तिने ताट पुढे घेतलं, पोळीचा एक तुकडा मोडला आणि पाणी प्यायली. सगळ्यांनी कौतुक केलं, देवाचं पण होतंय आणि डाएटचं पण. तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या दादांनी, मला सांगितलं की ती कुशीवर वळताना कण्हते. मी म्हटलं, व्यायामाने अंग दुखणारच, स्नायू तयार होतायत. हे मी कुठेतरी ऐकलं होतं. फार खात्रीने सांगितलं.

मग पौषातली ती शिवडीची सकाळ. रविवारीही काय तेच तेच रस्ते चालायचे म्हणून आम्ही आठ-दहा जणी फ्लेमिंगो बघायला शिवडीच्या जेट्टीवर गेलो. ओहोटी होती. चिखलात लांबपर्यंत गुलाबी पक्षी, एका पायावर उभे. एकजण म्हणाली, यांची काय बाई फिगर. सगळ्या खिदळल्या, सेल्फी काढू लागल्या. ताई मागे राहिली होती. तिथे एक जुनी होडी उलटी करून ठेवलेली होती, तिच्यावर जाऊन बसली. मी तिला उठवायला गेले, कारण घड्याळात माझी अजून तीन हजार पावलं बाकी होती. तिने माझा हात धरला. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत गेल्या आणि परत खाली आल्या, हे मी बघितलं.

ताई माझ्याशी नेहमी साधं मराठी बोलायची. मालवणी फक्त सासूबाईंशी आणि जीव घाबरा झाला की. तेव्हा म्हणाली, "स्मिता, माका जेवाण जाणा नाय गो."

मला जेवण जात नाही, एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी म्हणेन याची वाट बघत होती, हे आज कळतं.

मी म्हणाले, "नशीबवान आहेस. आम्हाला दिवसभर तेच सुचतं."

ती हसली. पोट हसलं नाही, नुसतं तोंड हसलं. मग माझ्या हाताला धरून उठली आणि माझ्याबरोबर चालली. माझी तीन हजार पावलं तिने माझ्यासाठी पुरी केली. परतताना मधेच थांबून श्वास घेत होती आणि मी पुढे जाऊन, वळून, हातानेच चल चल करत होते.

संक्रांतीनंतर सोसायटीचं हळदीकुंकू. सगळ्या काळ्या साड्यांत. वाण म्हणून त्या वर्षी चिया सीड्सची पाकिटं वाटली, आणि तिळगूळ साखर-गुळाशिवायचा, खजुराचा. तो कुणालाच आवडला नाही आणि सगळ्यांनी छान आहे म्हटलं. ताईने काळी चंद्रकळा नेसली होती. तिच्या पहिल्या संक्रांतीची, जी वीस वर्षं तिला पुरत नव्हती म्हणून घडी मोडली नव्हती. ब्लाउज तिने स्वतःचाच आत घेतला होता. बायका गोल गोल फिरवून तिला बघत होत्या. सदुसष्ट किलो. पहिलं बक्षीस विजया ताई, एअर फ्रायर. तिने तो खोका दोन्ही हातांनी धरला आणि फोटोला उभी राहिली. गालाची हाडं वर आलेली, डोळे मोठे दिसत होते. सावंतकाकू म्हणाल्या, अगदी पंचविशीतली दिसतेस हो.

माझा तिसरा नंबर आला. मी ताईशी पुढचे चार दिवस बोलले नाही. समोरासमोर दारं, तरी. तिने शेंगांची उसळ पाठवली, मी वाटी धुऊन मुलीच्या हाती परत पाठवली. चार दिवस. आता हिशोब मांडला तर तिच्याजवळ ऐंशी-पंच्याऐंशी दिवस उरले होते. त्यातले चार मी असे घालवले.

माघात तिचे तळहात पिवळट दिसायला लागले. आमच्यात एकीला ठाऊक होतं की गाजराचा ज्यूस जास्त घेतला की असं होतं, तिने व्हिडिओ पाहिला होता. म्हणून आम्ही गाजर बंद केलं. ताई म्हणाली, मी गाजराचा ज्यूस घेतच नाही गं. तरी आम्ही तो बंद केला. शेवटी एके सकाळी गॅलरीतल्या उन्हात दादांना तिचे डोळे दिसले, आणि ते तिला रिक्षा-टॅक्सी काही न शोधता, चालत, तिथे घेऊन गेले. आमच्या घरापासून चालत पंचवीस मिनिटं. रोजचाच रस्ता.

पोटात होतं. बरंच पसरलं होतं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले, आणि एका दुपारी दादा, माझा नवरा आणि मी एका तरुण डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. ताई बाहेर बाकावर होती. बाईंनी विचारलं, वजन कधीपासून कमी होतंय? दादांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून वही काढली. का नेली होती बरोबर, सांगता येत नाही. कदाचित मला वाटत होतं की कुणीतरी विचारावं. बाईंनी पानं उलटली. भाऊबीजेनंतरचा रविवार, मग पुढचा, मग पुढचा. तारीख, वजन, वजा दीडशे ग्रॅम. काही आकड्यांपुढे मी लाल पेनाने चांदणी काढली होती, त्या आठवड्यात सर्वांत जास्त उतरल्याबद्दल. सहा चांदण्या होत्या.

त्या रागावल्या नाहीत. थकलेल्या दिसत होत्या. "इतकं नीट कुणी लिहून ठेवत नाही," म्हणाल्या. "मग यायला एवढा उशीर का केलात?"

दादा म्हणाले, "आम्हाला वाटलं, चांगलं चाललंय."

हॉस्पिटलच्या त्या दिवसांत माझी पावलं रोज पुरी व्हायची. रक्ताच्या खिडकीपासून स्कॅनपर्यंत, स्कॅनपासून औषधांच्या रांगेपर्यंत. घड्याळ थरथरून अभिनंदन करायचं. सहाव्या की सातव्या दिवशी मी ते काढून पर्समध्ये टाकलं. फुटपाथवरच्या माणसांशी आता ओळख झाली होती. अकोल्याची एक बाई होती, तिचा नवरा आत होता. तिने विचारलं, तुम्ही कुठून आलात? लालबाग म्हटल्यावर म्हणाली, मग तुम्हाला तर लवकरच कळलं असेल. मी तिला हो म्हटलं. तिच्या डब्यातली चटणी तिने मला दिली.

ताई मात्र एका शब्दाने मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एकदा फक्त तिचे ब्लाउज मागवले, म्हणाली, पडून पडून कंटाळा आलाय, उसवत बसते. मी ते तिला दिले. आतून बघितलं तर प्रत्येकाला शेजारी शेजारी तीन टिपा, तीन वेळा आत घेतलेला. म्हणजे तिला ठाऊक होतं किती भरभर चाललंय. ती रोज शिवत होती, तिला नसेल कळलं? आणि तरी गप्प राहिली, कारण सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला गोल फिरवून बघत होतं. असं मी म्हणते. खरं काय ते ती जाणे.

चैत्रात गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधताना दादांनी हळदीकुंकवाचाच काढला, म्हणाले, यात छान दिसते. खोका खालून कापून टाकला.

आता परत गारवा आलाय. परळच्या रस्त्यावर सकाळी नव्या बायका, नवी घड्याळं. बिल्डिंगमधल्या दोघी काल येऊन गेल्या. वजनकाटा तुमच्याकडेच आहे ना, म्हणाल्या, यंदा ताईंच्या आठवणीने करू या. चांगल्या बायका आहेत, मनापासून म्हणत होत्या. मी काटा दिला. काय करणार होते? माझ्या एकटीच्या नाही म्हणण्याने कुणी थांबणार नव्हतं, आणि मला तेवढंही बळ नाही. कुणी बारीक झालं की आम्ही अजूनही टाळ्याच वाजवतो. मी जिन्यात कुणाला सांगायला जाते, बाई, एकदा दाखवून ये, आणि ती हसते, म्हणते, जळू नका हो.

एक गोष्ट मात्र मी अजून कुणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालाही नाही. ताईच्या तेराव्याला गावाहून नवऱ्याची आते आली होती. जेवणं उरकली होती, मी आत ताटं उचलत होते. दोन महिन्यांच्या धावपळीत, न जेवता, माझं किती उतरलं होतं याकडे माझं लक्षही नव्हतं. आतेने मला हाताला धरून थांबवलं, खालीवर बघितलं आणि म्हणाली, "बारीक झालंस गो स्मिता. आता बरी दिसतंस." माझे डोळे रडून सुजलेले होते. हातात ताईच्या नावाने जेवलेल्या सवाष्णीचं उष्टं पान होतं. मी म्हटलं, कसलं काय आते. आणि म्हणता म्हणता पदर सारखा केला, आणि पोट आत घेतलं.